डे-केअर सर्जरी सेंटरला ओटी (ऑपरेशन थिएटर) असिस्टंट: मोठ्या दवाखान्यापेक्षा काम वेगळं कुठे पडतं?

नवा_गाऊन | रविवार, रात्री ९.१०

नागपुरात धंतोलीतल्या एका डे-केअर सेंटरला असिस्टंटचं काम सुरू करायचंय. ओटी टेक्निशियनचा डिप्लोमा आहे. तिथे मोतीबिंदू, हर्निया, हायड्रोसील, मूळव्याध, गाठी काढणं, डीजे स्टेंट (मूत्रमार्गात ठेवलेली नळी) काढणं असं चालतं. एक मोठी ओटी, एक मायनर आणि चार रिकव्हरी कॉट. पगारावर धागे पुष्कळ आहेत, ते नको. कामाचं सांगा: काय बघायचं, कुठे चुकतं.

खर्राबंदी | रविवार, रात्री ९.४८

फरक एवढाच की संध्याकाळी तिथे कुलूप लागतं. मोठ्या दवाखान्यात दुपारी काही राहिलं तर रात्रपाळीची सिस्टर पकडते. इथे राहिलेलं पेशंटसोबत घरी जातं, आणि घर गोंदियाला किंवा छिंदवाड्याला असू शकतं. म्हणून काम आदल्या दिवशीच्या फोनपासून सुरू होतं.

"उद्या उपाशी या" हे वाक्य फोनवर वापरूच नका. आपल्याकडे चहा-बिस्किटाला कोणी जेवण समजत नाही. वेळ घड्याळात सांगा. भुलेच्या आधी साधं पाणी २ तासांपर्यंत चालतं. हलकं खाणं आणि दूध ६ तास आधी बंद. दुधाचा चहा दुधातच धरायचा. तळलेलं, मटण, सावजीचा रस्सा असेल तर ८ तास. केस ११ ला असेल तर "९ वाजेपर्यंत पाणी प्या, पहाटे ५ नंतर दूध-चहा नाही, आणि रात्री ११ च्या आत साधं जेवण" असं सांगायचं आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचं. बालाघाट, बैतूलकडचे पेशंट असतील तर हिंदीत सांगा, अर्धवट मराठीत नको. केसची वेळ पुढे ढकलली तर पाण्याची वेळही पुन्हा कळवा.

मे महिन्यात उलटा घोळ होतो. लोक रात्रीपासून पाण्याचा थेंबही घेत नाहीत, ४५ डिग्रीत बसने येतात आणि कॉटवर झोपवले की शीर सापडत नाही. शरीरात पाणी कमी असलं की स्पायनलनंतर (पाठीत सुईने दिलेल्या भुलेनंतर) बीपी जास्त घसरतं. पाणी प्यायला सांगणं हेही तुमचंच काम.

दुसरं, "तंबाखू खाता का?" असं विचारलं की अर्धे लोक नाही म्हणतात. "खर्रा खाता का, दिवसाला किती पुड्या?" असं विचारा (खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण). खर्रा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. त्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. दोनच गेली तर हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी कळलं पाहिजे, टेबलवर घेतल्यावर नाही, कारण गरज पडली तर श्वासाची नळी टाकणं अवघड जाणार असतं. आणि सकाळी आल्यावर गालात पुडी दाबलेली नाही ना ते टॉर्च लावून बघा. हसण्यावारी नेऊ नका, सुपारीचा तुकडा श्वासनळीत जाऊ शकतो.

गोळ्यांची यादीही फोनवरच घ्या: रक्त पातळ करणाऱ्या, शुगरच्या, बीपीच्या. कोणती बंद, कोणती घोटभर पाण्यासोबत घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. तुमचं काम यादी त्यांच्यापर्यंत वेळेत पोचवण्याचं. "ती पांढरी गोळी" हे उत्तर स्वीकारायचं नाही, पाकिटाचा फोटो मागवा.

फ्लो_मीटर | रविवार, रात्री १०.२०

सकाळच्या तपासणीचं मी लिहितो. पहिल्या केसच्या किमान ४५ मिनिटं आधी ओटीत.

ऑक्सिजन: बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १५०० लिटर असतो, मोठ्या डी टाइपमध्ये ७०००. मिनिटाला ५ लिटर लावला तर भरलेला बी टाइप ५ तास चालतो. काटा अर्ध्यावर असेल तर अडीच तास. हा हिशेब डोक्यात ठेवायचा, "अजून आहे" हे काही माप नाही. आपल्याकडे ऑक्सिजनच्या सिलिंडरचं अंग काळं आणि खांदा पांढरा, नायट्रसचं (भुलेच्या वायूचं) निळं. व्हॉल्व्ह हळू उघडायचा, तेल किंवा ग्रीस जवळही न्यायचं नाही. चावी सिलिंडरलाच दोरीने बांधलेली हवी.

सक्शन (रक्त-लाळ ओढणारं यंत्र): नुसता आवाज ऐकून समाधान मानू नका. नळीचं टोक वाटीभर पाण्यात बुडवा, पाणी झटक्यात ओढलं गेलं पाहिजे. नाही गेलं तर दहापैकी आठ वेळा बाटलीच्या झाकणाचा रबर वॉशर बसलेला नसतो.

अँबू बॅगचं (हाताने श्वास द्यायच्या पिशवीचं) तोंड तळहाताने बंद करून दाबा, बसली तर कुठेतरी गळती आहे. लॅरिंगोस्कोपचा (घशात बघून नळी टाकायच्या उपकरणाचा) बल्ब हाताने घट्ट करा, जास्तीचे सेल ट्रॉलीतच.

औषधांत सगळ्यात जास्त धोका सारख्या दिसणाऱ्या अँप्युलचा. स्पायनलच्या ट्रेजवळ ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) कधीच ठेवू नका. हेवी बुपिव्हॅकेन (स्पायनलचं औषध) समजून ते पाठीत दिलं गेल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत. झटके येतात, माणूस दगावतो. वेगळा कप्पा, वेगळी खोली असली तर आणखी बरं. अँप्युल फोडायच्या आधी नाव मोठ्याने वाचायचं आणि देणाऱ्याला लेबल दाखवायचं. औषध भरलेल्या सिरिंजवर लेबल नसेल तर ती फेकायची, कोणी कितीही "मला माहीत आहे काय आहे ते" म्हटलं तरी.

फ्रिज २ ते ८ डिग्री, दिवसातून दोनदा नोंद. अ‍ॅट्राक्युरियम, सक्सिनिलकोलीन (स्नायू ढिले करणारी औषधं) आत, बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नाही. आणि डबा नाही. त्या फ्रिजमध्ये कोणाचाही डबा नाही.

नवा_गाऊन | रविवार, रात्री १०.३१

ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) उभा आहे असं कळलं, हॉरिझॉन्टल नाही. त्यात काही वेगळं?

प्रेशर_पंधरा | रविवार, रात्री ११.०५

पुष्कळ. आणि निम्मी सेंटरं इथेच मार खातात.

आधी धुणं. रक्त वाळलेलं उपकरण कितीही शिजवा, निर्जंतुक होत नाही. केस संपल्याबरोबर ओलं ठेवा, चिमट्यांची कुलपं उघडा, एन्झाइमच्या पाण्यात कंपनीने लिहिलेल्या वेळेइतकं बुडवा आणि ब्रश पाण्याखालीच मारा, वर मारला तर तुषार तोंडावर. नळीच्या उपकरणातून सिरिंजने पाणी सोडा. मग स्वच्छ पाणी, मग कोरडं. बोअरचं जड पाणी शेवटच्या धुण्याला आणि ऑटोक्लेव्हमध्ये वापरू नका. कॉइलवर पांढरा थर चढतो, फोर्सेपवर डाग पडतात आणि त्याच डागाखाली गंज धरतो. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी घ्या.

आता उभ्या मशीनची गोम. झाकण लावून गरम केलं आणि काटा १५ वर गेला म्हणजे आत १२१ डिग्री झाली असं नाही. आत हवा अडकलेली असेल तर हवा आणि वाफ मिळून १५ पौंड दाब दाखवतात, पण तापमान कमीच राहतं. म्हणून सुरुवातीला हवेचा कॉक उघडा ठेवायचा, फुसफुस थांबून सलग जोरदार वाफ आली की बंद करायचा. मग १५ पौंड, १२१ डिग्री, आणि तिथून पुढे गुंडाळलेल्या सामानाला ३० मिनिटं मोजायची. मोजणी बटण दाबल्यापासून नाही, तापमान गाठल्यापासून.

सामान भरायच्या ड्रमच्या बाजूच्या खिडक्या आत जाताना उघड्या, बाहेर निघताच बंद. हे उलटं झालं की अख्खा ड्रम बाद. ड्रम ठासून भरायचा नाही, लिननच्या घड्यांमध्ये पंजा सहज शिरला पाहिजे, नाहीतर वाफ मधपर्यंत पोचत नाही. घड्या उभ्या ठेवा.

झालं की लगेच झाकण उघडायचं नाही. दाब शून्य, मग झाकण थोडं तिरपं करून १५-२० मिनिटं वाळू द्या. ओला पॅक म्हणजे निर्जंतुक नसलेला पॅक, कारण ओल्या कापडातून बाहेरचे जंतू आत ओढले जातात. पावसाळ्यात हे फार होतं. "पंख्याखाली वाळवून घेऊ" हा उपाय नाही, पुन्हा लावा.

टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे पॅक गरम झाला, एवढंच कळतं. आतपर्यंत वाफ नीट पोचली का, ते पॅकच्या पोटात ठेवलेली क्लास ५ ची पट्टी सांगते. आठवड्यातून एकदा जैविक चाचणी (आत ठेवलेले जिवंत स्पोर, म्हणजे जंतूंचे चिवट बीजाणू, मेले का ते बघणं), आणि शरीरात जाळी किंवा इम्प्लांट जाणार असेल त्या प्रत्येक लोडला. प्रत्येक पॅकवर तारीख, लोड नंबर, लावणाऱ्याची सही. सही नसेल तर गडबड झाल्यावर सगळे एकमेकांकडे बघतात.

मानेवाडा_मामा | सोमवार, सकाळी ७.१२

एवढं कशाला भाऊ, घाईत सायडेक्समध्ये (ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात) २० मिनिटं टाकलं की काम होऊन राहिलं ना सगळीकडे.

प्रेशर_पंधरा | सोमवार, सकाळी ७.४०

नाही होत, मामा. २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये २० मिनिटं म्हणजे वरच्या दर्जाचं जंतुनाशन, पण स्पोर मरत नाहीत. स्पोर मारायला १० तास लागतात. सिस्टोस्कोपसारख्या, कापाकापी न करता आत जाणाऱ्या दुर्बिणीला ते चालवून घेतात. कापून आत जाणाऱ्या उपकरणाला नाही. ज्याला वाफ चालते त्याला वाफच.

आणि अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर १४ दिवस ही वरची मर्यादा आहे. ओली उपकरणं टाकत गेलं की द्रावण पातळ होतं आणि आठव्या-नवव्या दिवशीच निकामी होऊ शकतं. रोज टेस्ट स्ट्रिप बुडवा. वास येतो म्हणजे काम करतं असं काही नाही. बाहेर काढल्यावर स्टराइल पाण्याने भरपूर धुवायचं, नळाच्या नाही.

स्कोप_काका | सोमवार, सकाळी ८.०२

भर घालतो. तुमच्याकडे ओपीए (ऑर्थो-थॅलाल्डिहाइड, तसंच दुसरं द्रावण) असेल तर वेळ वेगळी: २० डिग्रीला १२ मिनिटं. हातमोजे नसतील तर कातडी करडी पडते. तीन वेळा नवं पाणी घेऊन धुवायचं. आणि मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी वारंवार सिस्टोस्कोपी होणाऱ्या पेशंटच्या दुर्बिणीला ओपीए वापरायचं नाही, तीव्र अ‍ॅलर्जी झाल्याचं नोंदलं गेलंय. कंपनीच्या पत्रकातच ते लिहिलेलं असतं, पण पत्रक खोक्यासोबत भंगारात जातं.

नवा_गाऊन | सोमवार, सकाळी ८.३०

दर शनिवारी फॉर्मलिनचं फ्युमिगेशन (ओटीत वाफारा सोडणं) होतं असं ऐकलं. ते कोणी करायचं?

खर्राबंदी | सोमवार, सकाळी ९.००

कोणीच नाही, बंद करा म्हणावं. फॉर्मल्डिहाइड कॅन्सरकारक आहे, सोमवारी सकाळी डोळे चुरचुरतात, आणि पुसून न घेतलेल्या खोलीत त्याचा काही उपयोग होत नाही. प्रत्येक केसनंतर टेबल, लाइटचं हँडल, कॉटरीची (विजेने कापून रक्त थांबवायच्या यंत्राची) वायर, बीपीचा पट्टा पुसणं याने जास्त फरक पडतो. आठवड्याला भिंती-छत धुणं, आणि फॉगिंग करायचंच असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडचं.

एसीच्या जाळ्यांना विसरू नका. ओटी २१ डिग्रीच्या आसपास ठेवायची, तीनेक डिग्री इकडे-तिकडे चालतं. मे महिन्यात एसी दम तोडतो आणि कोणीतरी म्हणतं कूलर लावू. ओटीत कूलर कधीही नाही. ओल्या वाळ्यावरून आलेली न गाळलेली हवा थेट जखमेवर. एसी बंद पडला तर यादी थांबवायची.

बुब्बुळ | सोमवार, दुपारी १.१५

मोतीबिंदूचं कोणी लिहिलं नाही म्हणून. यादीत सगळ्यात जास्त केसेस त्याच असतात आणि सगळ्या सारख्या दिसतात, धोका तिथेच.

कोणता डोळा ते थेंब टाकायच्या आधी ठरलं पाहिजे: फाइल बघा, पेशंटला विचारा, कपाळावर त्या बाजूला खूण. बाहुली मोठी करणारे ट्रॉपिकामाइड आणि फिनाइलेफ्रिनचे थेंब दर १०-१५ मिनिटांनी, तीन-चार वेळा, केसच्या तासभर आधीपासून. थेंब पडला की डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, नाहीतर फिनाइलेफ्रिन नाकातून रक्तात जाऊन बीपी चढवतं. बीपी आधीच जास्त असेल तर थेंब टाकण्याआधी डॉक्टरांना सांगा.

ड्रेपच्या (निर्जंतुक कापड पांघरण्याच्या) आधी ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन डोळ्यात घालून ३ मिनिटं थांबायचं. घड्याळ लावून तीन, अंदाजाने नाही. स्क्रबसाठीचं साडेसात टक्केवालं डोळ्यात कधीच नाही, त्यात साबण असतो. दोन्ही बाटल्या तपकिरी, म्हणून एका ट्रेवर नकोत.

लेन्सचं खोकं सर्जनने स्वतः वाचल्याशिवाय फोडायचं नाही. पेशंटचं नाव, डोळा, मॉडेल, पॉवर, मुदत, हे सगळं बायोमेट्रीच्या (डोळ्याच्या मापाच्या) कागदाशी लावून. मागची केस रद्द झाली की पुढच्या पेशंटसमोर आधीच्याची लेन्स राहते; चुकीची लेन्स जाण्याचं हे नेहमीचं कारण. यादी बदलली की ट्रॉलीवरच्या सगळ्या लेन्स उचलून नव्याने लावा.

कॅन्युला (डोळ्यात द्रव सोडायच्या नळ्या) बारीक असतात, आत डिटर्जंट किंवा जेल राहतं. तेच डोळ्यात गेलं की दुसऱ्या दिवशी बुब्बुळ धुरकट, डोळा लाल, आणि त्या दिवसाच्या चार-पाच पेशंटना एकदम. तो जंतुसंसर्ग नसून विषारी प्रतिक्रिया असते, पण बघणाऱ्याचे पाय लटपटतात. प्रत्येक कॅन्युलातून डिस्टिल्ड पाणी जोराने, मग हवा. शक्य तिथे एकदाच वापरायच्या घ्या.

गॉज_मोजा | सोमवार, दुपारी ३.४०

जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची चेकलिस्ट १९ मुद्द्यांची आहे: भुलेआधी, कापण्याआधी, खोलीबाहेर नेण्याआधी. छोट्या सेंटरमध्ये ती केस झाल्यावर एका दमात टिक करून ठेवतात. मग ती न भरलेली बरी.

नाव विचारताना "तुम्ही अमुक भाऊ ना?" असं विचारू नका. घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा, कोणत्या बाजूचं ऑपरेशन आहे, हात लावून दाखवा."

गॉज पाच-पाचच्या गठ्ठ्यात मोजा, सुरुवातीला, आतला थर शिवण्याआधी आणि कातडी शिवण्याआधी. मोजणी चालू असताना त्या खोलीतून कचऱ्याची पिशवी बाहेर जाणार नाही, मावशींना हे आधीच सांगून ठेवा. एक कमी आला तर बहुतेक वेळा तो बादलीत दुसऱ्याला चिकटलेला किंवा ड्रेपच्या घडीत सापडतो.

कॉटरीची पेशंट प्लेट मांसल, कोरड्या, केस काढलेल्या जागी, पूर्ण चिकटलेली. हाडावर किंवा कडा उचललेली असेल तर तिथे भाजतं, आणि ते पेशंट शुद्धीवर आल्यावरच कळतं. स्पिरिटवाल्या औषधाने जागा पुसली तर किमान ३ मिनिटं वाळू द्या. बेंबीत, जांघेत, पाठीखाली साचलेलं टिपून घ्या, त्यावर ठिणगी पडली तर ड्रेपखाली लागलेली आग लवकर दिसतही नाही.

गाठ तपासणीला जाणार असेल तर १० टक्के फॉर्मलिन, तुकड्याच्या दहापट. म्हणजे बाजारातल्या फॉर्मलिनचा एक भाग, पाण्याचे नऊ. सलाईनमध्ये पाठवली तर पेशी कुजतात. नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही. झाकणं लॅबमध्ये बदलतात.

नवा_गाऊन | सोमवार, संध्याकाळी ६.०५

सुटीच्या वेळेचं कोणी सांगेल का? म्हणजे पेशंटला घरी सोडताना.

कॉट_नंबर_४ | सोमवार, संध्याकाळी ७.२०

सगळ्यात जास्त दबाव तेव्हाच असतो ताई/दादा, जे असाल ते. नातेवाईक पाच वाजल्यापासून "गाडी खाली उभी आहे" म्हणतात.

स्पायनल असेल तर पाय पूर्ण हलला, बुडाखालची संवेदना परत आली, मग आधी उठून बसवा, पाच मिनिटं पाय लोंबकळू द्या, बीपी घ्या, मग दोघांनी धरून उभं करा. पहिल्यांदा बाथरूमला एकटं सोडायचं नाही, आतून कडी लावू द्यायची नाही. हर्निया आणि मूळव्याधीच्या पेशंटने लघवी केल्याशिवाय सोडू नका. स्पायनल आणि भरपूर सलाईन एकत्र आलं की मूत्राशय तुंबतं, आणि माणूस रात्री दोनला भंडाऱ्यात तळमळतो. "थोडी झाली" म्हणाला तर पोटाखाली हात लावून बघा, मोजपात्र द्या.

सोडण्यासाठी गुणांचा तक्ता असतो: बीपी-नाडी, चालणं, मळमळ, दुखणं, रक्तस्राव, प्रत्येकी २ गुण. १० पैकी ९ किंवा जास्त हवेत. गुण तुम्ही भरा, सोडायचं की नाही हे डॉक्टर सांगतील.

सोबत मोठं माणूस असलंच पाहिजे, आणि अ‍ॅक्टिव्हावर डबलसीट घरी नाही. २४ तास गाडी चालवणं, दारू, महत्त्वाच्या कागदांवर सह्या बंद. कागद मराठीत आणि हिंदीत, आणि त्यावर रात्री खरंच उचलला जाणारा नंबर. कधी फोन करायचा ते ठळक लिहा: पट्टी भिजून रक्त टपकलं, सहा-आठ तासांत लघवी नाही, ताप, डोळ्यात दुखणं वाढून नजर कमी झाली. उठून बसल्यावर ठणकणारं आणि झोपल्यावर थांबणारं डोकं असेल तर ते स्पायनलचं. लाजून घरी गोळ्या खात बसू नये. सकाळी तुम्ही फोन करा, त्यांच्या फोनची वाट बघू नका.

मानेवाडा_मामा | सोमवार, रात्री ८.००

कचरा माझ्याकडून घ्या. गॉज-पट्टी पिवळ्यात, हातमोजे-सलाईनची बाटली-नळी लाल्यात, सुई-ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेची अँप्युल निळ्यात. ४८ तासांच्या वर ठेवायचं नाही. सुईला टोपण परत लावायचं नाही. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि त्याच तासात डॉक्टरला सांगा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध दोन तासांत सुरू झालेलं चांगलं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. हिपॅटायटीस बीची लस रुजू व्हायच्या आधीच घेऊन टाका बाप्पा.

नवा_गाऊन | सोमवार, रात्री ८.४५

हो, दोन डोस झाले, तिसरा बाकी आहे. शेवटचं: इंजेक्शन द्या म्हणून सांगितलं तर?

फ्लो_मीटर | सोमवार, रात्री ९.१०

शिरेतून औषध देणं हे नोंदणी असलेल्या नर्सचं आणि डॉक्टरचं काम. तुम्ही अँप्युल वाचून दाखवा, सांगितलं तर भरून लेबल लावून हातात द्या. "देऊन टाक रे, मी आलोच" याला उत्तर: "सर, भरून ठेवलंय, तुम्ही या." लिग्नोकेनचा (जागा बधिर करायच्या औषधाचा) हिशेब मात्र तुम्हालाही यायला हवा. २ टक्के म्हणजे एका मिलीत २० मिलिग्रॅम. साधं असेल तर किलोला ३ मिलिग्रॅम धरा, म्हणजे ५० किलोच्या माणसाला साडेसात मिली. अ‍ॅड्रेनलीनवालं असेल तर किलोला ७, साडेसतरा मिली. गाठी काढताना "अजून थोडं दे" तीन-चार वेळा होतं, तेव्हा किती मिली गेलं ते मोठ्याने सांगणारा माणूस तुम्हीच असता. ओठ बधिर, कानात आवाज, तोंडात धातूची चव असं पेशंट म्हणाला तर सुई तिथेच थांबवायला सांगा.

नवा_गाऊन | सोमवार, रात्री ९.२२

लिहून घेतलं. पहिल्या दिवशी किती वाजता जाऊ? पहिली केस साडेआठची आहे.

फ्लो_मीटर | सोमवार, रात्री ९.३०

सातला. पोहे खाऊन जा, तर्री कमी. आणि गेल्या गेल्या जनरेटर कोण चालू करतं आणि सिलिंडरची चावी कुठे टांगलेली असते, हे दोन प्रश्न विचारा.